वाचक विचारतात: जुन्या होम कॉम्प्युटरला घरीच हार्ड डिस्क कशी लावायची?

मागच्या अंकात लिहिलं होतं की जुन्या होम कॉम्प्युटरच्या कॅसेट खराब व्हायच्या आत त्यातले प्रोग्राम मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यावर जी पत्रं आन् मेसेज आले त्यात बहुतेकांचं म्हणणं एकच, की कॅसेट वाचवली ते ठीक, पण आता ह्या मशीनला हार्ड डिस्क लावता येईल का आन् तेही घरच्या घरी, बाहेरून तयार कार्ड न मागवता. येते. सोल्डरिंग येत असेल आन् घाई नसेल तर नक्की येते. म्हणून या वेळचं सगळं सदर ह्याच विषयाला दिलंय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय म्हणून फक्त गावं दिलीत.

प्रश्न (लातूर): वडिलांनी १९८७ च्या आसपास घेतलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस माझ्याकडं आहे, अजून चालू आहे. टेपरेकॉर्डर मात्र गेला. जुन्या पीसीतली ४० जीबीची आयडीई हार्ड डिस्क घरात पडून आहे. मी बरीच वर्षं रेडिओ-टीव्ही रिपेरिंग केलंय पण कॉम्प्युटरचं सर्किट कधी बनवलं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: काका, तुमचं अर्धं काम झालेलं आहे, कारण मशीन चालू आहे आन् सोल्डरिंग हातात आहे. डीबी स्पेक्ट्रम म्हणजे डेसिबेल्स कंपनीनं परवाना घेऊन आपल्याकडं विकलेला सिंक्लेअरचाच स्पेक्ट्रम प्लस, आत तोच झेड८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर, तीच ४८ के मेमरी, मागं तोच उघडा एज कनेक्टर, म्हणजे बोर्डाच्या कडेचा जोड. ह्या कनेक्टरवर प्रोसेसरच्या जवळजवळ सगळ्या लायनी बाहेर काढलेल्या आहेत, म्हणून मशीन न उघडता सगळं बाहेरून जोडता येतं.

हार्ड डिस्क म्हटलं की लोक घाबरतात, पण आयडीई, म्हणजे ४० पिनच्या चपट्या केबलवाल्या, डिस्कमधी अवघड काम करणारा कंट्रोलर डिस्कच्या पाठीवरच्या बोर्डात बसलेला असतो, हेड कुठं न्यायचं, मोटार किती फिरवायची, हे सगळं तो बघतो. आपल्याला बाहेरून फक्त आठ रजिस्टर, म्हणजे आकडे लिहायचे-वाचायचे छोटे कप्पे, दिसतात. एक डेटाचं, एक एररचं, एक किती सेक्टर (डिस्कवरचे ५१२ बाइटचे तुकडे) पाहिजेत ते सांगायचं, चार रजिस्टरमधी कोणता सेक्टर आन् कोणती डिस्क ते लिहायचं, आन् शेवटचं आठवं, ज्यात लिहिलं तर कमांड आन् वाचलं तर स्टेटस. बस एवढंच. म्हणजे तुमचा इंटरफेस म्हणजे काय, तर ह्या आठ रजिस्टरना झेड८० चे आठ पोर्ट नंबर देणारं सर्किट.

नंबर कोणते द्यायचे? मी म्हणेन डिव्हआयडीई नावाच्या प्रसिद्ध इंटरफेसचेच घ्या, म्हणजे पुढं तयार सॉफ्टवेअरचा फायदा होतो. ते आहेत १६३, १६७, १७१, १७५, १७९, १८३, १८७ आन् १९१. बायनरीत लिहून बघा, ए७, ए५, ए१ आन् ए० ह्या ॲड्रेस लायनी एक आहेत, ए६ शून्य आहे, आन् मधल्या ए२, ए३, ए४ ह्या तीन लायनी बदलतात. त्या तीन सरळ डिस्कच्या डीए०, डीए१, डीए२ ला जातात (केबलवर ३५, ३३ आन् ३६ नंबरच्या पिना). बाकीच्यांसाठी एक ७४एचसीटी१३८ पुरतो: सिलेक्टच्या तीन पायांवर ए०, ए१, ए५ द्या, जी१ ला ए७, उरलेल्या दोन इनेबलवर ए६ आन् आयओआरक्यू (पोर्टशी काम चालू आहे असं सांगणारी प्रोसेसरची लायन), आन् शेवटचं आउटपुट, म्हणजे वाय७, ते डिस्कच्या सीएस० ला, पिन ३७. दुसरा सीएस१, पिन ३८, तो रेझिस्टरमधून ५ व्होल्टला बांधून टाका, सुरुवातीला लागत नाही. आरडी (वाचा) आन् डब्ल्यूआर (लिहा) ह्या दोन लायनी ह्याच सिलेक्टबरोबर एका ७४एचसीटी३२ मधून ऑर करून डिस्कच्या २५ आन् २३ नंबरच्या पिनवर न्या. रिसेट रिसेटला, पिन १. डेटा लायनीवर एक ७४एचसीटी२४५ बफर टाका, कारण स्पेक्ट्रमच्या बसवर लांब केबलचं ओझं टाकू नये. बफरचं इनेबल सिलेक्टवर, दिशा आरडीवर. प्रत्येक आयसीच्या अगदी पायाशी १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, हा सोडू नका. केबल १८ इंचापेक्षा लांब नको, स्टँडर्डच तसं आहे, आन् आपल्या कामाला एक वीतभर असली तर अजून चांगलं.

आता खरी गाठ. झेड८० ची डेटा बस ८ बिटांची आन् डिस्कचं डेटा रजिस्टर १६ बिटांचं. बाकी सात रजिस्टर ८ बिटांचेच आहेत, त्यांचा काही त्रास नाही, फक्त डेटाचाच. तुम्ही लातूरचे, आडतीवर हमाली बघितलेली आहे: दोन पोती एकदम उतरली आन् दार एकाच पोत्याएवढं असलं तर एक आत न्यायचं आन् दुसरं तेवढ्यापुरतं ओट्यावर ठेवायचं. हा ओटा म्हणजे ७४एचसीटी५७४ लॅच. वाचताना खालचा बाइट सरळ प्रोसेसरकडं जातो, वरचा लॅचमधी थांबतो, आन् प्रोसेसरनं त्याच पोर्टवर दुसऱ्यांदा वाचलं की डिस्कला न विचारता लॅचमधला मिळतो. लिहिताना उलटं, पहिला बाइट दुसऱ्या एका लॅचमधी धरायचा आन् दुसरा आला की दोन्ही मिळून डिस्कला द्यायचे. हे पहिलं-दुसरं लक्षात ठेवायला एक फ्लिप-फ्लॉप लागतो, आन् डेटा सोडून दुसऱ्या कुठल्याही रजिस्टरला हात लावला की तो फ्लिप-फ्लॉप शून्यावर आला पाहिजे, नाहीतर एकदा जोडी चुकली की पुढचं सगळं एक बाइटानं सरकतं.

पण माझं ऐकाल तर पहिल्या दिवशी लॅचच्या नादी लागूच नका. फक्त डी० ते डी७ जोडा. वरच्या आठ लायनी १० के रेझिस्टरमधून ग्राउंडला बांधा. मग प्रत्येक ५१२ बाइटच्या सेक्टरमधले २५६ च बाइट वापरात येतात, म्हणजे ४० जीबीतले २० वाया. ४८ के च्या मशीनला २० जीबी म्हणजे काय, चार लाखाच्या वर वेळा सगळी मेमरी मावते. तोटा एवढाच की ती डिस्क पीसीला लावून सरळ वाचता येत नाही. ते नंतर बघू.

जोडून झालं की कसलंच सॉफ्टवेअर न टाकता बेसिकमधी टाइप करा: प्रिंट इन १९१. डिस्कची मोटार पूर्ण वेगात आल्यावर ८० आकडा आला म्हणजे डिस्क म्हणतीय मी तयार आहे (६४ म्हणजे रेडी, १६ म्हणजे सीक झालंय). मग आउट १७१,८५ करा आन् प्रिंट इन १७१ करा, ८५ च परत आलं पाहिजे. मग १७० टाकून बघा. ८५ आन् १७० मधी बिट एकाआड एक उलटे असतात म्हणून ह्या दोन आकड्यांनी आठही डेटा लायनी तपासून होतात. दोन्ही बरोबर आले तर तुमचा इंटरफेस चालतोय, आन् हे तुम्ही बेसिकच्या चार ओळींत सिद्ध केलंय. २५५ च येत असेल तर डिस्क दिसतच नाही, वायरिंग बघा. डी७ म्हणजे केबलच्या पिन ३ वर १० के चा रेझिस्टर ग्राउंडला टाकायचाच आहे, कारण डिस्क नसताना ती लायन उगं वर राहिली तर प्रोग्रामला वाटतं डिस्क बिझी आहे आन् तो कायमचा वाट बघत बसतो.

प्रश्न (जालना): तुम्ही सांगता तसंच सर्किट मी नेटवर बघून केलं. पण डिस्कला सप्लाय दिला की मोटार फिरते न फिरते तोच स्पेक्ट्रम रिसेट होतो. ५ आन् १२ व्होल्ट स्पेक्ट्रमच्या एज कनेक्टरवरूनच घेतलेत.

उत्तर: आत्ताच्या आत्ता काढा ते. एज कनेक्टरवर १२ व्होल्ट आहेत हे खरं, पण ते स्पेक्ट्रमच्या आतल्या छोट्याशा कन्व्हर्टरमधून खालच्या १६ के मेमरीसाठी बनवलेले आहेत, त्यात कसलाच दम नाही. साडेतीन इंची डिस्कला मोटार उचलताना १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर लागतात. तो कन्व्हर्टर गेला की मेमरीच्या आयसी पण घेऊन जातो. आन् ५ व्होल्टचा रेग्युलेटर तर आधीच हात लावू देत नाही इतका तापलेला असतो, आपल्याकडच्या एप्रिल-मे मधी तर विचारूच नका.

डिस्कला वेगळा सप्लाय द्या. जुन्या पीसीचा एसएमपीएस, म्हणजे त्याचा पॉवर सप्लाय, चालतो, त्याची हिरवी वायर काळ्या वायरला जोडली की तो चालू होतो. दोन्हीचं ग्राउंड एकत्र पाहिजे. पण त्याच्या आधी अर्थिंग तपासा, हे मी जीव तोडून सांगतो कारण आपल्याकडं जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं आन् तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. अर्थिंग नसलेल्या एसएमपीएसच्या बॉडीवर फिल्टर कपॅसिटरमुळं मेनच्या निम्मा व्होल्टेज तरंगत असतो, हाताला नुसती मुंगी येते पण आयसी मात्र मरते. म्हणून आधी दोन्ही मशीन बंद असताना ग्राउंड जोडायचं, मग डेटा केबल, मग दोन्हीला एकाच बोर्डवरून लाइट.

नायतर सरळ लॅपटॉपची अडीच इंची आयडीई डिस्क घ्या, तिला फक्त ५ व्होल्ट लागतात. तिचा कनेक्टर ४४ पिनचा आन् पिना जवळजवळ, २ मिलिमीटरवर, तर अडॅप्टर लागतो. ४१ आन् ४२ वर ५ व्होल्ट आहेत, उलटा लावू नका.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): स्टेटस ८० येतोय, ८५-१७० ची टेस्ट पण पास. आउट १९१,२३६ देऊन डिस्कची ओळख वाचली तर कंपनीच्या नावातलं एक सोडून एक अक्षर गायब आहे. डिस्क खराब आहे का?

उत्तर: डिस्क एकदम ठणठणीत आहे. तुम्ही फक्त डी० ते डी७ जोडलेत ना, मग असंच दिसणार. २३६ ही आयडेंटिफाय कमांड, तिच्या उत्तरात २५६ शब्द येतात, प्रत्येक शब्द दोन बाइटचा, आन् मॉडेलचं नाव २७ ते ४६ नंबरच्या शब्दांत असतं. त्यात पहिलं अक्षर वरच्या बाइटमधी आन् दुसरं खालच्या बाइटमधी ठेवलेलं असतं, म्हणून तुम्हाला दुसरं, चौथं, सहावं एवढीच अक्षरं मिळतायत. उद्या लॅच बसवल्यावर सगळी अक्षरं येतील पण जोडी-जोडीनं उलटी येतील, तेव्हाही घाबरू नका, प्रोग्राममधी अदलाबदल करून छापायची. सेक्टरमधला डेटा मात्र जसा लिहिला तसाच परत येतो, त्याला हे लागू नाही.

प्रश्न (नांदेड): मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमधी ८०८५ चे जुने ट्रेनर किट पडून आहेत, त्यांच्यावर ८२५५ ही इनपुट-आउटपुटची आयसी आहे. मॅडम म्हणाल्या त्यावर हार्ड डिस्क लावता आली तर मिनी प्रोजेक्ट म्हणून चालेल. होईल का?

उत्तर: होईल, आन् मला विचारशील तर ह्या सदरातल्या सगळ्या प्रश्नांत तुझा प्रोजेक्ट सगळ्यात चांगला आहे, कारण ८२५५ चा कंट्रोल वर्ड आपल्याकडं परीक्षेसाठी पाठ करतात आन् विसरतात, तू तो वापरून दाखवणार. किटवर ८२५५ चे पोर्ट बहुतेक वेळा एका फ्लॅट केबलच्या कनेक्टरवर बाहेर काढलेले असतात, म्हणजे बसला हातही लावायचा नाही. पोर्ट ए डिस्कच्या डी० ते डी७ ला, पोर्ट बी डी८ ते डी१५ ला. म्हणजे १६ बिटांचा प्रश्नच मिटला, लॅच नको न फ्लिप-फ्लॉप नको. पोर्ट सी मधी पहिल्या तीन बिटांवर डीए०, डीए१, डीए२, मग सीएस०, सीएस१, मग राइट, रीड आन् रिसेट. बरोबर आठ होतात.

वाचताना कंट्रोल वर्ड ९२ हेक्स (ए आन् बी इनपुट, सी आउटपुट), लिहिताना ८० हेक्स (सगळे आउटपुट). इथं एक खड्डा आहे आन् तो तुझ्या पुस्तकातच लिहिलेला आहे, फक्त कुणी लक्ष देत नाही: कंट्रोल वर्ड टाकला की सगळी आउटपुट लॅच शून्य होतात. डिस्कच्या कंट्रोल लायनी ॲक्टिव्ह लो आहेत, शून्य म्हणजे चालू. म्हणजे मोड बदलला की त्या क्षणी रीड, राइट, रिसेट, दोन्ही सिलेक्ट, सगळंच एकदम चालू! डिस्क बिचारी रिसेटच होत राहणार. उपाय सोपा आहे, ह्या पाच लायनींवर ७४एचसीटी०४ चे इन्व्हर्टर टाक, मग शून्य म्हणजे सगळं बंद. सहातला एक इन्व्हर्टर उरतो.

एक-एक लायन वर-खाली करायला ८२५५ चा बिट सेट-रिसेट मोड वापर, पोर्ट सी च्या बाकीच्या बिटांना धक्का लागत नाही. वेग कमी मिळेल, प्रत्येक शब्दामागं चार-पाच आउट कमांड लागतात, पण प्रोजेक्टला कुठं शर्यत लावायची आहे. एक नक्की कर, प्रोग्राम हेक्स कीपॅडवरून टाकशील तो आधी वहीत पूर्ण लिहून ठेव, लाइट गेली की किटची रॅम साफ.

प्रश्न (बीड): हार्ड डिस्कऐवजी सीएफ कार्ड किंवा एसडी कार्ड लावलं तर? आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही.

उत्तर: सीएफ लावा. मनापासून सांगतो, खरी फिरणारी डिस्क ऐकायला लई गोड वाटते पण रोजच्या वापराला सीएफच बरं. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाची नववी पिन ग्राउंडला ठेवून सप्लाय दिला की ते स्वतःला आयडीई डिस्कच समजतं, स्वस्त अडॅप्टर मिळतो त्यात हे केलेलंच असतं. तीच ४० पिनची केबल, तीच रजिस्टरं. ५ व्होल्टवर चालतं, मोटार नाही म्हणून करंट पण किरकोळ.

आन् सगळ्यात मोठा फायदा म्हणजे सीएफला ८ बिटांच्या मोडमधी टाकता येतं. आउट १६७,१ आन् मग आउट १९१,२३९, एवढ्या दोन कमांड दिल्या की पूर्ण ५१२ बाइट खालच्या आठ लायनींवरूनच येतात-जातात. लॅच नको, जागा वाया नाही, पीसीच्या कार्ड रीडरमधी पण वाचता येतं. जुन्या हार्ड डिस्का बहुतेक हे ऐकत नाहीत. रिसेट झाला की ह्या दोन कमांड परत द्याव्या लागतात, तेवढं प्रोग्रामच्या सुरुवातीलाच टाकून ठेवा.

एसडी कार्डाचं वेगळं आहे, ते ३.३ व्होल्टवर चालतं, ५ व्होल्टच्या बसला सरळ जोडलं तर जळतं, आन् त्याच्याशी एक-एक बिट पाठवून बोलावं लागतं. करता येतं, पण पहिल्यांदा करणाऱ्यानं सीएफवर हात बसवावा.

लाइटचं म्हणाल तर वाचताना लाइट गेली तर काही होत नाही. लिहिताना गेली तर तो सेक्टर अर्धवट राहू शकतो. म्हणून लिहून झालं की लगेच परत वाचून ताडून बघायचं, आन् महत्त्वाच्या कार्डाची एक नक्कल पीसीवर ठेवायची.

प्रश्न (धाराशिव): ऑफिसच्या भंगारात पीसी-एक्सटी आन् त्यातली २० एमबीची जुनी हार्ड डिस्क मिळाली. दोन केबलवाली आहे. ती स्पेक्ट्रमला लागंल का?

उत्तर: नाही लागणार. दोन केबली, एक ३४ पिनची आन् एक २० पिनची, म्हणजे ती एमएफएम डिस्क, तिच्यात स्वतःचा कंट्रोलर नसतो, हेडवरून येणारे कच्चे पल्स बाहेर पाठवते आन् त्यातून बाइट काढायचं काम बाहेरचं कार्ड करतं. ते घरी बनवणं फार मोठं काम आहे. डिस्क आन् तिचं कार्ड त्या एक्सटीतच राहू द्या, जोडी तोडू नका, त्याच कार्डावर फॉरमॅट झालेली असते. अशा डिस्कमधी काही आहे का ते बघायचं असेल तर लवकर बघा, आन् हलवायच्या आधी पार्किंगचा प्रोग्राम चालवून हेड बाजूला घ्या, ह्या जुन्या डिस्का बंद केल्यावर हेड आपोआप बाजूला नेत नाहीत. एक्सटीलाच सीएफ लावायचं असेल तर एक्सटी-आयडीई नावाचं ८ बिटांचं कार्ड आहे, त्याचं सर्किट आन् बायोस दोन्ही मोफत मिळतं.

प्रश्न (अंबाजोगाई): सर्किट झालं, पण प्रोग्राम डिस्कवर ठेवायचा आन् परत आणायचा कसा? स्पेक्ट्रमच्या रॉममधी तर हार्ड डिस्कचं नावच नाही.

उत्तर: बरोबर आहे, म्हणून दोन टप्पे करा.

पहिला टप्पा, स्वतःचा छोटा मशीन कोड प्रोग्राम. तो टेपवरून टाकायचा, आन् टेप म्हणजे आता मोबाईल, हेडफोनच्या भोकातून इअर सॉकेटमधी, आवाज पूर्ण. सुरुवात चित्रापासून करा. स्क्रीनची मेमरी १६३८४ पासून ६९१२ बाइट, म्हणजे साडेतेरा सेक्टर, १४ वाचायचे. शेवटचे जास्तीचे २५६ बाइट प्रिंटर बफरमधी पडतात, तो बरोबर २५६ बाइटचाच आहे, म्हणून काही बिघडत नाही. (फक्त खालची आठ लायन जोडली असेल तर २७ सेक्टर, मग जास्तीचं काही उरतच नाही.) कमांडी अशा: १८७ वर २२४, १७१ वर किती सेक्टर, १७५, १७९, १८३ वर सेक्टरचा नंबर खालून वर, १९१ वर वाचायला ३२ किंवा लिहायला ४८. मग प्रत्येक सेक्टरच्या आधी स्टेटस ८८ व्हायची वाट बघायची, आन् झेड८० च्या सी मधी १६३, बी मधी शून्य, एचएल मधी पत्ता टाकून वाचायला आयएनआयआर दोनदा, लिहायला ओटीआयआर दोनदा (फक्त खालची आठ लायन असेल तर एकदाच).

आयएनआयआर ही झेड८० ची कमांड एका बाइटला २१ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके) घेते, ३.५ मेगाहर्ट्झवर म्हणजे सेकंदाला दीड लाखाच्या वर बाइट. टेपवरून ४८ के यायला पाच मिनिटं लागतात, इथं सेकंदाचा तिसरा हिस्सा पण लागत नाही. ज्यांनी लहानपणी त्या निळ्या-पिवळ्या पट्ट्यांकडं बघत पाच-पाच मिनिटं श्वास धरून काढलीत त्यांना हे पहिल्यांदा बघताना काय वाटतं ते सांगून समजणार नाही, करूनच बघा.

फाइल सिस्टीम लिहायच्या फंदात सध्या पडू नका. प्रत्येक प्रोग्रामला २५६ सेक्टरचा एक कप्पा द्या. मग कप्प्याचा नंबर सरळ १७९ वर टाकायचा, १७५ वर शून्य, गुणाकार-बिणाकार काही नाही. सगळी ४८ के मेमरी ९६ सेक्टरमधी बसते, अर्ध्या लायनीवाल्यांची १९२ मधी, दोन्ही कप्प्यात मावतात. जुनं ३२ एमबीचं कार्ड असलं तरी अडीचशेच्या आसपास कप्पे झाले, कोणत्या कप्प्यात काय ते वहीत लिहा.

दुसरा टप्पा, स्वतःची रॉम. एज कनेक्टरवर रॉमसीएस नावाची लायन आहे, ती वर ओढली की आतली रॉम गप्प होते आन् त्या पत्त्यावर तुमची ईप्रॉम (स्वतः प्रोग्राम भरता येणारी रॉम) बोलू शकते. डिव्हआयडीईत हे आपोआप होतं, प्रोसेसर रॉममधल्या ठराविक पत्त्यांवर आला, जसं टेप वाचायचा भाग, की त्याच क्षणी दुसरी रॉम पुढं येते, आन् बिचाऱ्या बेसिकला वाटतं आपण टेपच वाचतोय. त्यासाठी ईएसएक्सडॉस नावाचं सॉफ्टवेअर तयार आहे, ते पीसीची फॅट फाइल सिस्टीम वाचतं. पण त्याला पूर्ण ५१२ बाइट लागतात आन् इंटरफेसवर स्वतःची रॅम पण लागते, म्हणजे सर्किट दुप्पट मोठं. पहिला टप्पा पक्का झाल्याशिवाय तिकडं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न (परभणी): आमच्या शाळेच्या स्टोअरमधी बीबीसी मायक्रो सापडला. त्याला हार्ड डिस्क लागते का? मुलांना दाखवायचा आहे.

उत्तर: सर, १९८४ मधी सुरू झालेल्या क्लास प्रकल्पात सरकारनं निवडक शाळांना हेच मशीन दिलं होतं, तुमचा त्यातलाच असावा. आधी मुख्याध्यापकांना सांगून डेडस्टॉक रजिस्टरमधी नोंद आहे का बघा, निर्लेखित करून भंगारात द्यायच्या यादीत असेल तर आधी ते थांबवा. आन् प्लग लावू नका! इतक्या वर्षांनी त्याच्या पॉवर सप्लायमधले मेनवरचे फिल्टर कपॅसिटर तडकून धूर काढतात, ते बदलल्याशिवाय मुलांसमोर चालू करायचा नाही.

हार्ड डिस्क लागते. त्याच्या पोटाखाली १ मेगाहर्ट्झ बस नावाचा ३४ पिनचा कनेक्टर आहे, हे मशीन बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीची स्वतःची विंचेस्टर (म्हणजे हार्ड) डिस्क पण तिथंच लागायची. प्रोसेसर ६५०२, त्याला वेगळे आय/ओ पोर्ट नसतात, म्हणून डिस्कची रजिस्टरं मेमरीच्या एफसी पानावर (हेक्स एफसी०० पासूनचे २५६ पत्ते) बसवायची, आन् त्या पानाचा सिलेक्ट सिग्नल कच्चा वापरायचा नाही कारण २ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर १ मेगाहर्ट्झच्या बसशी जुळवून घेताना त्यात खोटे पल्स येतात, आधी तो घड्याळाच्या सिग्नलबरोबर लॅच करून साफ करावा लागतो. डिस्कवरच्या फाइली सांभाळणारी एडीएफएस नावाची रॉम पण लागेल. फक्त मुलांना दाखवायचंच असेल तर यूजर पोर्टवर एसडी कार्ड लावायची सोपी पद्धत आहे, एमएमएफएस नावाची रॉम टाकायची, मी तर तीच सुचवीन.

प्रश्न (हिंगोली): सामान कुठं मिळंल? इथं तर ७४ सिरीज म्हणलं की दुकानदार तोंडाकडं बघतो.

उत्तर: तुम्हाला हैदराबाद जवळ पडतं, तिथल्या कोठीतली गुजराती गल्ली, तिथं ७४ सिरीज, ८२५५, बेस बोर्ड, सगळं मिळतं. पुण्याला कुणी जाणार असेल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. ८२५५ आन् झेड८० सारख्या जुन्या आयसी घेताना पुसून परत छापलेल्या निघतात, वरचा छाप नखानं खरवडून बघा. शक्य असेल तिथं एचसीटी घ्या, नुसती एचसी नको, स्पेक्ट्रमच्या बसवरच्या व्होल्टेज लेव्हल टीटीएलच्या (जुन्या ५ व्होल्टच्या आयसींच्या) आहेत.

आयडीई केबल जुन्या पीसीतून फुकट मिळते. अवघड जातो तो एज कनेक्टर, ५६ पिनचा. त्याला उपाय म्हणजे भंगारातला जुना मदरबोर्ड, त्यावरचा ८ बिटांचा आयएसए स्लॉट. ६२ पिनचा असतो, म्हणजे एका बाजूला ३१, पिनांमधलं अंतर तेच २.५४ मिलिमीटर, बारीक करवतीनं एका टोकाच्या तीन जोड्या कापल्या की २८-२८ उरतात. पाचव्या जागेवरच्या दोन्ही पिना उपटून तिथं प्लॅस्टिकची पट्टी चिकटवा, स्पेक्ट्रमच्या बोर्डला त्याच जागी खाच आहे. ही पट्टी टाळू नका, खाचेला लागून एका बाजूला ९ व्होल्ट आहेत आन् दुसऱ्या बाजूला ग्राउंड, कनेक्टर एक घर जरी सरकला तरी ९ व्होल्ट भलत्याच पिनवर जातात.